माहितीचा पूर आणि घरचे पाणी



वैशाखातल्या उकाड्यात घरचा पंखा सोडून आपण इतक्या संख्येने ह्या मैदानावर आला आहात, ह्याबद्दल प्रथम मी आपले अभिनंदन करतो. न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि पुढे तिच्या धर्तीवर महाराष्ट्रातील अनेक गावांतून अशा माला गुंफल्या गेल्या. त्यांतून मोठमोठ्या विषयांवर व्याख्याने झाली. त्या मानाने माझा आजचा विषय फार लहान आहे. घरात एखादे यंत्र आणावयाचे झाले, तर इंटरनेटवर त्याची माहिती कशी शोधावी, चार पर्यायांची तुलना कशी करावी आणि शेवटी निर्णय कसा घ्यावा, एवढेच मला सांगावयाचे आहे. उदाहरण मी एकच घेणार आहे, ते म्हणजे पाणी शुद्ध करण्याचे यंत्र. ते घेण्याचे कारण असे की, त्या बाबतीत मी स्वतः चांगला फसलो आहे; आणि फसलेल्या माणसाला त्या विषयावर बोलण्याचा थोडासा अधिकार प्राप्त होतो असे मी मानतो.

माझ्या लहानपणी निवडीचा प्रश्न असा नव्हताच. घरात सायकल घ्यावयाची म्हणजे गावात दुकान एक, दुकानदार ओळखीचा आणि सायकली दोन जातींच्या. माहिती कमी होती, त्यामुळे चूक झाली तर तो माहितीच्या अभावाचा दोष. आज हातातल्या मोबाइलवर एक शब्द उमटवला की शेकडो यंत्रे, हजारो अभिप्राय आणि तितकीच चलच्चित्रे समोर उभी राहतात. दुष्काळ जाऊन पूर आला आहे. परंतु ज्यांनी पूर पाहिला आहे ते जाणतात की, पुरात सर्वत्र पाणीच पाणी असते आणि पिण्यासारखे मात्र घोटभरही नसते.

आता माझी हकीकत सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत काविळीचे रुग्ण निघू लागले. तिसऱ्या आठवड्यात माझ्या मुलीला कावीळ झाली. डोळे पिवळे, अन्नावर वासना नाही, बारावीचे वर्ष. घरातले वातावरण कसे असेल ह्याची आपण कल्पना करू शकाल. सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, ते पाण्याचं मशीन आणायचं आणायचं म्हणून दोन वर्षं झाली. आता तरी आणा.” मी शिक्षक माणूस, अभ्यास केल्याशिवाय काही करावयाचे नाही असा माझा बाणा. म्हणून मी तीन रात्री जागून मोबाइलवर शोध घेतला. प्रश्न टाकला, “सर्वांत चांगले पाणी शुद्धीकरण यंत्र कोणते?” उत्तरादाखल ‘दहा सर्वोत्तम यंत्रे’ अशा यादीची पंधरा पाने मिळाली. पंधराही पानांवर जवळजवळ तीच दहा नावे होती. मला वाटले, पंधरा साक्षीदार एकच गोष्ट सांगत आहेत, म्हणजे ती खरी असलीच पाहिजे. त्यांतले सात टप्प्यांचे एक आरओ यंत्र मी निवडले. साडेचार तारे आणि अठरा हजार रुपये किंमत.

शंकेला जागा राहू नये म्हणून विक्रेत्याच्या माणसाने घरी येऊन प्रयोगही करून दाखविला. तो प्रयोग आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. दोन पेल्यांत पाणी घेतात. एका पेल्यात नळाचे, दुसऱ्यात आरओचे. दोहोंत धातूच्या कांड्या सोडून वीज चालू करतात. दोन मिनिटांत नळाचे पाणी तपकिरी, हिरवट, गढूळ होते. वर फेस येतो, खाली गाळ बसतो. आरओचे पाणी मात्र जसेच्या तसे नितळ राहते. “सर, हे बघा तुम्ही रोज काय पिता ते,” असे तो म्हणाला. मुलगी आतल्या खोलीत आजारी पडलेली. मी त्याच क्षणी पैसे दिले.

यंत्र बसले. पंधरा दिवसांनी नळाचे काही काम निघाले म्हणून नेहमीच्या प्लंबरला बोलावले. तो यंत्राकडे पाहून हसला आणि मला इमारतीच्या मागे घेऊन गेला. तेथे जमिनीखालची आमची टाकी आहे. तिचे झाकण फुटले होते. टाकीपासून हातभर अंतरावर मैल्याच्या नळाला चीर गेली होती आणि त्याची ओल टाकीच्या भिंतीपर्यंत आली होती. तो म्हणाला, “सर, मशीन घ्यायच्या आधी टाकीचं झाकण तरी उघडून बघायचं होतंत.”

मित्रहो, तीन रात्रींच्या माझ्या संशोधनाचे सार त्या एका वाक्यात निघाले. यंत्र माझ्या स्वयंपाकघरातील एका नळाचे पाणी शुद्ध करीत होते. परंतु दात घासण्याचे, भाज्या धुण्याचे, आणि इमारतीतील इतर अकरा कुटुंबांचे पाणी त्याच टाकीतून येत होते. मी जगभर शोध घेतला आणि परसात मात्र गेलो नाही. माझा प्रश्नच चुकला होता. “सर्वांत चांगले यंत्र कोणते” हा प्रश्न मी विचारला. “माझ्या पाण्यात दोष कोणता आहे” हा विचारलाच नाही. इंटरनेट आपण जे विचारू त्याचेच उत्तर देते. यंत्राविषयी विचाराल तर यंत्रच मिळेल. प्रश्न चुकला आहे हे सांगण्याचे काम ते सहसा करीत नाही. ते काम एखादा प्लंबरच करतो.

येथे मला एका थोर माणसाची आठवण करून द्यावीशी वाटते. १८५४ साली लंडनमध्ये पटकीची भयंकर साथ होती. शहराच्या दक्षिण भागात दोन कंपन्या पाणी पुरवीत. दोघींचे नळ अनेक ठिकाणी एकाच रस्त्यातून गेलेले, शेजारच्या शेजारी घरांत पाणी मात्र वेगळ्या कंपनीचे. त्यांपैकी लँबेथ कंपनीने १८५२ साली आपला पाणी उचलण्याचा हौद थेम्स नदीच्या वरच्या अंगास, शहराच्या घाणीपलीकडे नेला होता. साउथवर्क आणि व्हॉक्सहॉल कंपनी मात्र अद्याप शहरातूनच पाणी उचलीत होती. डॉ. जॉन स्नो यांनी ही संधी ओळखली. गरीब-श्रीमंत, हवा, वस्ती सारे सारखे आणि फरक फक्त पाण्याचा! ते मृत्यू झालेल्या घरोघर हिंडले. अनेक भाडेकरूंना आपले पाणी कोणत्या कंपनीचे हेच ठाऊक नव्हते. तेव्हा स्नो यांनी पाण्यातील मीठ तपासले. एका कंपनीच्या पाण्यात दुसरीच्या सुमारे चाळीसपट मीठ होते, त्यामुळे पाणी कोणाचे हे ओळखता येई. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांचा हिशेब निघाला तो असा: दर दहा हजार घरांमागे साउथवर्क आणि व्हॉक्सहॉलच्या पाण्यावर ३१५ मृत्यू, लँबेथच्या पाण्यावर ३७.

स्नो यांनी तुलना केली ती सारख्याची सारख्याशी. त्यांनी पुस्तके वाचली, अहवाल वाचले, आणि तेवढ्यावर न थांबता ते दारोदार गेले. आणि तिसरी गोष्ट माझ्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची: मीठ हे पटकीचे कारण आहे असे त्यांनी कधीही मानले नाही. मीठ ही केवळ ओळखीची खूण होती. मोजलेला आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. आम्हांला मात्र ते ठाऊक नसते, आणि तेथेच आमची फसगत होते.

आज घरोघर ‘टीडीएस’ हा शब्द झाला आहे. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या पदार्थांचे एकूण प्रमाण, एका लिटरला मिलिग्रॅममध्ये. पेनाएवढे त्याचे मापक काही शे रुपयांत मिळते. माझे पाणी मी उशिराने का होईना, मोजले. आकडा आला ११०. भारतीय मानक ब्यूरोचे पिण्याच्या पाण्याचे मानक आहे. त्याचा क्रमांक १०५०० आणि सुधारित आवृत्ती २०१२ची. त्यात टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा ५०० दिली आहे, आणि दुसरा उगमच उपलब्ध नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावे असे म्हटले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने तर ह्या आकड्यासाठी आरोग्याच्या कारणावरून मर्यादाच ठरविलेली नाही. ती चवीच्या दृष्टीने बोलते, आणि सुमारे ६०० पर्यंतचे पाणी चवीला चांगले मानते. म्हणजे विरघळलेले क्षार काढून टाकणे हे ज्या यंत्राचे खास काम, ते मी क्षार नसलेल्या पाण्यासाठी विकत घेतले होते.

परंतु आता ह्याची दुसरी बाजू पाहा, कारण ती अधिक धोक्याची आहे. ११० आकडा पाहून कोणी म्हणेल, “पाणी उत्तम आहे.” तर तेही खोटे! ज्या टाकीत मैला मिसळत होता त्याच टाकीचा हा आकडा आहे. ते मापक पाण्यातून वीज किती सहज वाहते एवढेच पाहते आणि त्यावरून क्षारांचा अंदाज बांधते. घरी गेल्यावर एक प्रयोग करून पाहा. एका पेल्यात चिमूटभर मीठ टाका. आकडा उडी मारून वर जाईल. दुसऱ्यात चमचाभर साखर विरघळवा; आकडा जवळजवळ जागचा हलणार नाही, कारण साखरेच्या पाण्यातून वीज वाहत नाही. ज्या मापकाला चमचाभर साखर दिसत नाही, त्याला काविळीचा विषाणू कसा दिसावा?

आणि तो कांड्यांचा प्रयोग? त्याचे रहस्य हेच आहे. नळाच्या पाण्यात क्षार असतात, त्यामुळे वीज वाहते आणि लोखंडाची कांडी झिजून तिचाच गंज पाण्यात उतरतो. तो तपकिरी गाळ कांडीचा आहे, पाण्याचा नव्हे. आरओच्या पाण्यात क्षार फारच थोडे, म्हणून वीज वाहत नाही आणि कांडी झिजत नाही. त्या नितळ पेल्यात चिमूटभर मीठ टाका आणि पुन्हा वीज चालू करा. तेही पाणी तसेच गढूळ होईल. ही माहिती इंटरनेटवर होती. मी “हा प्रयोग खरा आहे काय” असे पाच मिनिटे शोधले असते तर मला ती सापडली असती. परंतु मी माझ्या निवडीला पुष्टी देणारेच शोधत होतो; तिला विरोध करणारे शोधावे हे सुचले नाही.

असो. दुसऱ्यांदा मी जो अभ्यास केला, तो कसा केला ते आता क्रमाने सांगतो.

पहिली पायरी म्हणजे घरचे मोजमाप. नुसत्या टीडीएसवर न थांबता मी पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत दिला. आपल्याकडे जिल्हा पातळीवर सार्वजनिक आरोग्य विभागाच्या, तसेच भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत. जंतूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटली लागते आणि नमुना लवकर पोचवावा लागतो, एवढे मात्र सांभाळावे. घरगुती तपासणीसाठी १९८२ साली भारतीय संशोधकांनी सुचविलेली एक स्वस्त बाटलीही मिळते. तीत पाणी भरून ठेवले आणि एक-दोन दिवसांत ते काळे पडले, तर मैल्याचा संशय धरावा. ती अंतिम निर्णय देणारी नव्हे, परंतु धोक्याची घंटा म्हणून उपयोगी आहे. मानक तर स्पष्ट सांगते की, पिण्याच्या पाण्याच्या शंभर मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय हा जंतू मुळीच आढळता कामा नये.

दुसरी पायरी अशी की, यंत्राच्या नावाकडे जाण्यापूर्वी कोणती पद्धत कोणता दोष काढते हे समजून घ्यावे. हे एकदा समजले की शंभर यंत्रांची चार कुळे होतात. कोळशाची गाळणी क्लोरीन, वास आणि काही सेंद्रिय पदार्थ काढते. जंतूंवर तिचा भरवसा ठेवू नये. अतिनील किरणांचा दिवा, ज्याला यूव्ही म्हणतात, तो जंतू आणि विषाणू निकामी करतो. परंतु पाणी गढूळ असेल तर किरण आतपर्यंत पोचत नाहीत, आणि वीज गेली की तो आंधळा. पोकळ तंतूंची यूएफ गाळणी विजेवाचून चालते, जंतू आणि गढूळपणा अडवते. विरघळलेले क्षार मात्र तिच्यातून सरळ निघून जातात. आरओचे पटल क्षार, फ्लोराइड, नायट्रेट, आर्सेनिक यांनाही अडवते. त्याची किंमत म्हणजे वीज, देखभाल आणि वाया जाणारे पाणी. आणि पाचवी पद्धत आपल्या आजीची. पाणी खळखळून उकळले की जंतू आणि विषाणू मरतात. क्षार मात्र तसेच राहतात.

तिसरी पायरी साक्षीदारांची पारख. त्या पंधरा पानांकडे मी दुसऱ्यांदा पाहिले तेव्हा तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेले दिसले की, येथून खरेदी झाल्यास आम्हांस दलाली मिळते. म्हणजे ते साक्षीदार नव्हते, अडते होते. आणि पंधराही जणांचा मजकूर एकमेकांवरून उतरविलेला. त्यामुळे साक्षीदार एकच, तोंडे पंधरा. दहा ठिकाणी वाचले म्हणजे दहा पुरावे झाले, हा आजच्या काळातील सर्वांत मोठा भ्रम आहे. मूळ कोठून निघाले ते पाहावे. अठरा ठिकाणी फिरणाऱ्या बातमीची तारीखही पाहावी. “आरओवर बंदी आली” अशी बातमी आपण वाचली असेल. मूळ गोष्ट अशी की, २०१९च्या मे महिन्यात राष्ट्रीय हरित लवादाने, जेथे टीडीएस ५०० पेक्षा कमी आहे तेथे आरओच्या वापरास मनाई करावी असे केंद्रीय मंत्रालयास सांगितले. पुढे हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मथळ्यात एक शब्द असतो आणि आदेशात अटी असतात. अटी वाचावयास मूळ कागदापर्यंतच जावे लागते.

ताऱ्यांविषयीही दोन शब्द सांगतो. बहुतेक तारे यंत्र घरी आल्याच्या पहिल्या आठवड्यात दिलेले असतात. त्या वेळी माणूस यंत्राविषयी बोलत नाही. नव्या वस्तूच्या आनंदाविषयी बोलतो. पाण्याच्या यंत्राचा खरा स्वभाव दुसऱ्या वर्षी कळतो, जेव्हा गाळणी बदलावी लागते आणि दुरुस्तीचा माणूस फोन उचलत नाही. म्हणून मी पाच ताऱ्यांचे आणि एका ताऱ्याचे अभिप्राय बाजूस ठेवून मधले तीन ताऱ्यांचे वाचले, आणि तेही वर्षभर जुने झालेले. निरनिराळ्या गावांतील माणसे निरनिराळ्या शब्दांत एकाच भागाची तक्रार करीत असतील, तर ती खरी समजावी. खोट्या अभिप्रायांचा उपद्रव इतका वाढला आहे की, २०२२ साली मानक ब्यूरोने ग्राहकांच्या अभिप्रायांसाठीच १९००० क्रमांकाचे स्वतंत्र मानक काढले. पूर्वी आपण दुधात पाणी किती हे पाहत होतो. आता स्तुतीत पाणी किती हे पाहण्याची वेळ आली आहे.

चौथी पायरी कंटाळवाणी आहे आणि म्हणूनच सर्वांत फायद्याची. यंत्र घेण्यापूर्वी त्याची माहितीपुस्तिका उतरवून घ्यावी आणि वाचावी. जाहिरातीत यंत्र काय करते ते असते. पुस्तिकेत ते केव्हा करत नाही हे असते. किती टीडीएसपर्यंतचे पाणी चालेल, नळाला दाब किती हवा, गढूळपणा किती चालेल, गाळणी किती लिटरनंतर बदलावी, हे सारे तेथे लिहिलेले सापडते.

पाचवी पायरी, एक कोरा कागद. उभ्या रकान्यात पर्याय आणि आडव्या ओळींत कसोट्या. मला मिळालेल्या दरांवरून मी पाच वर्षांचा हिशेब मांडला. आरओ यंत्राची किंमत अठरा हजार, देखभाल वर्षाला साडेचार हजार. पाच वर्षांचे साडेचाळीस हजार झाले. यूव्ही आणि यूएफ असलेले यंत्र नऊ हजार, देखभाल दोन हजार. पाच वर्षांचे एकोणीस हजार. परंतु माझे डोळे उघडले ते शेवटच्या ओळीने. घरगुती आरओ साधारणपणे एक लिटर पाण्यामागे दोन-तीन लिटर पाणी सोडून देते. आमचे रोजचे पिण्याचे पाणी पंधरा लिटर. तीनपट धरले तर पंचेचाळीस लिटर रोज मोरीत. वर्षाचे सोळा हजार लिटरांवर. दोनशे लिटरची ऐंशी पिंपे भरतील एवढे! आणि आमच्या नगरात उन्हाळ्यात पाणी एक दिवसाआड येते. ही ओळ कोणत्याही यादीत नव्हती, कारण यादी करणाराला ग्राहकाचा खर्च दिसतो, गावाचा दिसत नाही. आपल्या कागदावर मात्र ती ओळ आपणच घातली पाहिजे.

एवढे झाल्यावर मी मुद्दाम उलट बाजूने शोध घेतला. “यूव्हीचे दोष”, “आरओचे फायदे”, “आरओच्या विरोधातील खोटे दावे” असे प्रश्न टाकले. तेव्हा कळले की विरोधी पक्षही धुतल्या तांदळासारखा नाही. आरओचे पाणी प्यायल्याने हाडे ठिसूळ होतात असे छातीठोकपणे सांगणारी चलच्चित्रे ढिगाने आहेत. परंतु शरीराला लागणारे क्षार मुख्यतः अन्नातून मिळतात, हे ती सांगत नाहीत. भीती दोन्ही बाजूंनी विकली जाते. अभ्यासकाने ती कोणाकडूनच विकत घेऊ नये.

अलीकडे यंत्रालाच प्रश्न विचारून तयार उत्तर घेण्याची सोय झाली आहे. मीही ती वापरतो. त्या यंत्राचे वाचन अफाट आहे आणि भाषा गोड आहे. परंतु त्याने माझी टाकी पाहिलेली नाही. बहुश्रुत पाहुण्याचा घ्यावा तसा त्याचा सल्ला घ्यावा, आधार कोणता ते विचारावे, तो आधार स्वतः उघडून पाहावा, आणि आपली मोजमापे त्याला आधी सांगावीत.

शेवटी निर्णय झाला. टाकी रिकामी करून धुतली, क्लोरीन घातले, झाकण नवे बसविले, मैल्याचा नळ बदलून लांब नेला. बाराही कुटुंबांनी खर्च वाटून घेतला. प्रत्येकाच्या वाट्यास जे आले ते माझ्या यंत्राच्या किमतीपुढे किरकोळ होते. पुन्हा नमुना तपासला, जंतू आढळले नाहीत. माझ्या आरओचे पटल बदलण्याची वेळ आली तेव्हा मी ते यंत्र काढून यूव्ही-यूएफचे साधे यंत्र बसविले. मुलगी बरी झाली, परीक्षेसही बसली. टाकीचे झाकण दर महिन्यास उघडून पाहण्याचे काम तिने स्वतःकडे घेतले आहे.

ही हकीकत मी माझ्या बहिणीला फोनवर सांगितली. ती अमरावती जिल्ह्यात दर्यापूरकडे असते. ती म्हणाली, “दादा, तू आरओ काढलास, मग आम्हीही काढू का?” मी म्हटले, “ताई, तुझ्या बोअरचा टीडीएस किती?” तिने मोजला, तो अठराशे निघाला. तिचे गाव पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात आहे. अकोला, अमरावती, बुलढाणा ह्या जिल्ह्यांतील त्या पट्ट्यात भूजलच खारे. तसेच यवतमाळ, चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांच्या पाण्यात फ्लोराइड मर्यादेबाहेर आहे. तेथे गोड पाण्याचा दुसरा उगम नसेल तर आरओ हे चैन नव्हे, गरज आहे. तिला मी सांगितले, “तू काढू नकोस. सोडलेले पाणी भांडी घासायला, फरशी पुसायला वापर.” एकाच घरातील भाऊ-बहीण, एकच अभ्यास, आणि उत्तरे परस्परविरुद्ध. दोन्ही बरोबर! ज्याला आपण ‘सर्वोत्तम यंत्र’ म्हणतो ते जगात कोठेच नसते. अमुक पाण्यासाठी, अमुक घरासाठी, अमुक गावात योग्य असे यंत्र असते.

आपल्याकडे म्हण आहे, ऐकावे जनाचे, करावे मनाचे. मी तिच्यात एक पदर घालू इच्छितो. जनाचे ऐकणे आणि मनाचे करणे ह्यांच्यामध्ये मोजमाप असावे. नाहीतर जनाचे ऐकून माणूस अठरा हजार घालवतो आणि मनाचे करून आजारी पडतो. आणि अभ्यासही अनंतकाळ करू नये. नवी माहिती वाचूनही कागदावरचा निष्कर्ष बदलेनासा झाला की थांबावे, निर्णय घ्यावा आणि तो का घेतला ते चार ओळींत लिहून ठेवावे. पुढे चूक निघाली तर ती कोठे झाली हे त्या चार ओळी सांगतील.

मित्रहो, आरंभी मी म्हणालो की हा विषय लहान आहे. तो तितकासा लहान नाही असे आता आपणांसही वाटत असेल. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. २०२५च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गियाँ-बारेच्या आजाराने लोक धास्तावले आणि संशय पाण्यावर गेला. अशा वेळी प्रत्येकाने आपल्या नळापुरते यंत्र बसवून दार लावून घेतले, तर टाकीचे झाकण कोण पाहणार? ज्या घराला यंत्र परवडत नाही, त्या घरातील लेकराचे काय? नीट केलेला शोध आपल्याला दुकानापर्यंत नेतो, तसा तो कधी कधी नगरपालिकेच्या दारापर्यंतही नेतो. मी घरासाठी यंत्र शोधावयास निघालो होतो, मला सापडले ते शेजार.

आज घरी गेल्यावर मोबाइल उघडण्यापूर्वी एक काम करा. आपल्या टाकीचे झाकण उघडून पाहा. पुढचा शोध तेथून सुरू करा.